निकोलिनाने मासा घेतला नाही

बँकेतली ती नवी पोरगी परवा मला समजावत होती. जानेवारीपासून लेव्हा हे आपलं चलन जाणार, युरो येणार, तेव्हा गादीखालचे पैसे आत्ताच खात्यात भरा, असं ती गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना सांगत सुटलीय. मला म्हणते, "गेनामावशी, आता बँक बुडणं शक्यच नाही. आणि बुडालीच, तरी एक लाख युरोपर्यंत पैसे परत मिळतात. कायदाच आहे तसा." वर गोड हसते. मला काय झालं कोण जाणे, एकदम डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "पोरी, बँक बुडवायला काय लागतं ठाऊक आहे तुला? एक वाक्य लागतं. मी बुडवलीय एक." तिला वाटलं म्हातारी चळली. तिने मला बसायला खुर्ची दिली आणि पाणी आणलं.

चळलेबिळले नाही मी. पंचाहत्तरी आली तरी अजून मंडईत बसते, अजून चार किलोचा कार्प मासा एका हाताने दाबून धरते आणि दुसऱ्या हाताने खवले काढते. फक्त एका जागी स्वस्थ बसवत नाही. ही गोष्ट सांगायला किती वेळा बसले आणि किती वेळा उठून उगाच भांडी घासत बसले, त्याला गणती नाही. जिची ही गोष्ट, ती निकोलिना, आमची लिना, जाऊन तीन वर्षं झाली. आता सांगायलाच हवं.

लिना आणि मी शाळेत एका बाकावर होतो. ती पुढे कॅशियर झाली, मी मासेवाली. सरकारी बचत बँकेच्या खिडकीत ती वीस वर्षं बसली. गावात कोणाकडे किती आहे हे तिला पाठ, पण तिच्या तोंडून एक आकडा कधी बाहेर पडला नाही. तिचा नवरा मेतोदी म्हणायचा, "माझ्या बायकोला अख्ख्या गावाचं माहीत, आणि मला माझ्या सासूचंही माहीत नाही!" शिस्तीची तर अशी, की माझ्या नोटा पाहिल्या की कपाळाला आठी. "गेना, नोटा धुवायच्या नसतात हे कळतं, पण निदान पुसून तरी आण गं. अख्खी पेटी माशासारखी घमघमते." मी म्हणायची, "मग त्या वासावरून तरी ओळख, कुठल्या माझ्या ते!" ती हसायची नाही. कामाच्या खिडकीत ती कधीच हसायची नाही.

त्र्याण्णव साली गावात खासगी बँक निघाली. तिला एक लांबलचक नाव होतं, पण आम्ही नवी बँक म्हणायचो. त्यांनी हुशारी काय केली? लिनाला सरकारी बँकेतून फोडलं आणि आपल्या खिडकीत आणून बसवलं. झालं! महिन्याभरात गाव तिच्यामागे. मालक कोण, राजधानीत, सोफियात, बसून पैसा कुठे लावतात, कोणाला देतात, एकाने विचारलं नाही. लिना आहे ना खिडकीत? मग काय बघायचंय! बँक म्हणजे काय हे आम्हाला तेवढंच कळत होतं.

आणि सहा डिसेंबर, संत निकोलाचा दिवस, लिनाचा नामदिन. वाढदिवसाला बोलावणं करतात, नामदिनाला नाही. त्या संताचं नाव ज्याला असेल त्याच्या घरी आपणहून जायचं, दार उघडं असतं, टेबल मांडलेलं असतं. तांदूळ आणि अक्रोड भरून भाजलेला कार्प, वाईन, राकिया, आल्यागेल्याला घासभर तरी मिळालाच पाहिजे. लिनाच्या घरी चाळीस-चाळीस माणसं व्हायची. दर वर्षी सगळ्यांत मोठे दोन कार्प तिचे, हे ठरलेलं. दहा तारखेपर्यंत गाव त्या जेवणाबद्दल बोलायचं.

आता शहाण्णव सालावर येते. मे महिन्यात सोफियात बँका पटापट बंद पडल्या, सप्टेंबरात आणखी पडल्या. लेव्ह्याचं तर काय सांगू? सकाळी भाव लिहायचा, दुपारी पुसायचा. पावासाठी रांगा. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचा, की याला काही आतली बातमी आहे का. आमची नवी बँक मात्र रोज साडेआठला उघडायची, आणि लिना रोज पांढरी कॉलर लावून खिडकीत. मी फिश-फ्रीज घेण्यासाठी सात वर्षं साठवलेले एक लाख चाळीस हजार लेव्हा तिच्याच खिडकीत होते.

गुरुवारी, पाच तारखेला, कामावरून सुटून लिना माझ्या टपरीवर आली.

"काय भाव, गेना?"

"पाचशे."

"पाचशे? काल चारशे वीस होता ना गं?"

"काल काल होता, लिना. उद्या विचारशील तर साडेपाचशे सांगेन." मी गमतीने बोलले. तेव्हा सगळे असंच बोलायचे.

तिच्यासाठी बाजूला ठेवलेले दोन कार्प मी पाण्यातून वर काढले. सात-सात किलोचे एकेक. ती बघत उभी राहिली. तिने पर्स उघडली, आत पाहिलं, बंद केली. "नंतर येते," म्हणाली.

"ठेवू ना बाजूला?"

"नको नको. दुसऱ्या कोणाला जाऊ दे." आणि तिचे कान लालभडक झाले.

मला तिथल्या तिथे कळलं. मेतोदीचा कारखाना बंद पडून दोन वर्षं झाली होती. मुलगी स्विलेना सोफियात औषधशास्त्र शिकत होती, तिची खोली, तिचं जेवण. आणि लिनाचा पगार म्हणजे भाव वाढतील तसा आकसणारा. बाईकडे पैसे नव्हते, एवढी साधी गोष्ट. त्याच क्षणी मी म्हणायला हवं होतं, घेऊन जा गं, पैसे कुठे पळतात का? जिभेवर आलं होतं. पण लिनाने जन्मात कधी उधार घेतलं नव्हतं, म्हटलं रागावेल. आणि खरं सांगायचं तर दुसराही विचार मनात आला. आज दिलेल्या माशाचे पैसे महिन्याने आले, तर त्यात शेपूटही येणार नाही. मी कार्प परत पाण्यात सोडले. ती गेली.

ती वळते न वळते तोच बटणांच्या दुकानातली तोन्का माझ्यापुढे हजर. तोन्काला बातमी सांगायची म्हणजे चर्चच्या घंटेला सांगायची.

"काय गं, लिनाने मासा घेतला नाही?"

आता मी काय सांगू? नामदिनाला टेबल मांडायला पैसे नाहीत, हे गावात कळणं म्हणजे नाक कापलं जाणं. लिनासारख्या मानी बाईचं तर मरणच. मला तिची अब्रू झाकायची होती. देवाशपथ, दुसरं काही मनात नव्हतं. मी म्हटलं, "तिचं तिला ठाऊक. बँकेत बसते ती, तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. ही काय पाहुणचाराची वेळ नसेल."

बस. एवढंच. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मी झाकली, म्हणून मी स्वतःवर खूश! त्या दिवशी दोन्ही कार्प विकून घरी गेले.

शुक्रवारी संध्याकाळी आम्हीही गेलो. न जाऊन चाललं नसतं, सगळ्यांनी विचारलं असतं. माझा नवरा दोब्री राकियाची बाटली घेऊन, मी तीन कार्नेशनची फुलं. लिनाच्या अंगणात आधीच दहा-बाराजण उभे, हातात फुलं. घर अंधारात. मेतोदीची गाडी मात्र दारात, म्हणजे माणसं आत होती. आस्पारुह मास्तरांनी, आम्हा सगळ्यांना गणित शिकवलेल्या म्हाताऱ्याने, दार वाजवलं. "लिना! आम्ही आलोय गं!" पडदा हलला. दार उघडलं नाही.

फुलं खिडकीच्या कठड्यावर ठेवून लोक एकेक करून निघाले. फाटकापाशी तोन्का कोणाच्या तरी कानाशी लागली होती. मी दोब्रीला दंडाला धरून भराभरा घरी आणलं.

शनिवारी मंडईत कुजबुज. माझ्यासमोर कोणी बोललं नाही, पण गिऱ्हाईक मासा घेताना दुसरीकडेच बघायचं. रविवारी दोब्री गुत्त्यातून आला तो चेहरा पाडूनच.

"उद्या बँक उघडत नाही. लिनाला शुक्रवारीच कळलंय. म्हणून दार लावून रडत बसली होती. साहेबांनी पैसे कधीच हलवलेत."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात."

"अरे येड्या, तिच्याकडे मासे घ्यायला पैसे नव्हते! मी बघितलं ना माझ्या डोळ्यांनी!"

"बँकेच्या कॅशियरकडे पैसे नव्हते? गेना, डोकं ठिकाणावर आहे ना?"

आणि त्याने असं म्हटल्यावर मलाही ते खुळचटच वाटलं. कॅशियर! रोज लाखो लेव्हा हातातून जाणारी बाई! तिच्या पर्समध्ये काही नव्हतं असं मी कशावरून म्हणते? मी काय आत डोकावले होते? तिचे कान लाल झाले ते लाजेने की भीतीने? मी भांडी घासली, अंगण झाडलं, परत भांडी घासली. माझ्याच पोटची ती बातमी तीन दिवसांत एवढी मोठी होऊन दारात आली, की मी तिला ओळखलंच नाही. सोमवारी पहाटे पाचला मी पासबुक कोटाखाली घेऊन बँकेच्या पायरीवर होते. माझ्यापुढे तीसजण. माझ्यामागे आस्पारुह मास्तर.

"तुम्हीसुद्धा, मास्तर?"

"मी मोजायला शिकवलं, गेना. शंभर माणसं आणि एक खिडकी, याचं उत्तर मला येतं."

साडेआठला बँक उघडली! उघडली म्हटल्यावर लोकांनी घरी जायला हवं होतं की नाही? एक हलला नाही. लिना खिडकीत, केस नीट, कॉलर पांढरी. ना घाई, ना चालढकल, एकेकाला मोजून देत होती. अकरा वाजेपर्यंत सगळं शांत होतं. मग मॅनेजर बाहेर आला, तरुण माणूस, घामेघूम. म्हणाला, "मंडळी, काळजी करू नका, जिल्ह्याहून रोकड निघालीय, चारपर्यंत गाडी येते." मेल्याला कोणी विचारलं होतं? पेटीतली रोकड चारच्या आधीच संपेल हे तोवर कोणाला ठाऊक नव्हतं. त्याने सांगितलं आणि रांग मोडली. आरडाओरडा, ढकलाढकली, दाराची काच तडकली, कोणाची तरी टोपी पायाखाली.

तेव्हा लिना उठली. खिडकीमागून बाहेर आली आणि गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर चढून उभी राहिली.

"शुक्रवारी मी दार उघडलं नाही म्हणून तुम्ही आलात ना?" "नाही उघडलं. कारण तुम्हाला वाढायला घरात काही नव्हतं. मासा पाचशे लेव्हा किलो आहे. माझा पगार सोळा हजार. त्यातले दहा पोरीला जातात. सहा हजारात आम्ही दोघं महिना काढतो. मला लाज वाटली, म्हणून मी दिवा मालवून बसले. बँकेचा यात काडीचा संबंध नाही. आता घरी जा."

जिने वीस-पंचवीस वर्षं कोणाचा आकडा ओठांबाहेर काढला नाही, तिने आपला आकडा भर गावासमोर सांगितला. मला तिच्याकडे बघवेना.

एक क्षण वाटलं, जातील आता. मग मागून कोणीतरी खदखदून हसलं. "अगं, निदान जरा पटेल असं तरी सांग! कॅशियरकडे पैसे नाहीत म्हणे!" आणि दुसरा ओरडला, "कॅशियरलाच खायला नाही, तर आपले कुठून द्यायचे?" घ्या! खोटं मानलं तरी बँक बुडालेली, खरं मानलं तरी बुडालेली.

"गेनाला विचारा!" लिना म्हणाली. "गुरुवारी मी तिला भाव विचारला आणि तशीच परत गेले. सांग गं, गेना!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. खिडकीपासून मी चौथी होते. चौथी! माझ्यापुढे फक्त तिघं. मनात आलं, मी बोलले आणि यांनी ऐकलं, तर सगळं मिटलं. पण मी बोलले आणि यांनी नाही ऐकलं तर? मला ढकलून पुढे जातील आणि माझे सात वर्षांचे पैसे गेले. माझ्या तोंडून निघालं, "आधी... आधी माझा नंबर होऊ दे. मग सांगते."

रांगेला काय समजायचं ते समजलं. लिना खुर्चीवरून उतरली, हाताने खुर्ची पुसली आणि जाऊन खिडकीत बसली.

माझी पाळी आली. तिने एक लाख चाळीस हजार माझ्यासमोर मोजले. "मोजून घे," म्हणाली, दुसरं काही नाही. मी पैसे कोटाच्या आत कोंबले, मागे वळले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "लिना खरं बोलतेय! तिच्याकडे मासे घ्यायला पैसे नव्हते! मी पाहिलंय! जा घरी सगळे!"

आस्पारुह मास्तर गावातला सगळ्यांत सौम्य माणूस. त्यांनी माझ्या फुगलेल्या कोटाकडे पाहिलं. म्हणाले, "तुझं झालं ना, गेना? मग बाजूला हो."

पाऊण वाजता रोकड संपली. मास्तरांना अर्धेच मिळाले, त्यांच्यामागच्यांना काही नाही. पैशांची गाडी आली, बरोबर चारला आली, पण तोवर सोफियाहून फोन आला होता, शाखा बंद करा. पुढच्या आठवड्यात अख्खी बँकच सरकारने ताब्यात घेतली. नंतर लोक म्हणाले, वरचे साहेब आपल्याच मित्रांना कर्जं वाटत होते, आज ना उद्या ती बुडणारच होती. असेलही. पण आमच्या गावात ती त्या सोमवारी बुडाली, आणि ती मी बुडवली.

आणि मला काय मिळालं? फेब्रुवारीत लेव्ह्याचा पार पाचोळा झाला. दुकानदार मला हसायला लागला. "बाई, या पैशात फ्रीजचा दांडा येईल." माझ्या सात वर्षांत पिठाचं एक पोतं आणि तेलाचे चार डबे आले. बाकीच्यांना सरकारने कायद्याने पैसे परत दिले, पण ते हातात पडेतो त्यांचीही तीच गत. मग उन्हाळ्यात लेव्हा जर्मन मार्काला बांधला, हजार लेव्ह्यांना एक मार्क, आणि गाडी हळूहळू रुळावर आली. आता ही नवी पोरगी म्हणते तसं सगळं भक्कम आहे म्हणे.

लिनाचे स्वतःचे पैसे, पोरीच्या शिक्षणासाठी राखलेले, एरवी ती ज्यांना हातही लावायची नाही ते, त्याच बँकेत होते. तिने त्या दिवशी काढले नव्हते. खिडकीच्या आतच बसली होती, हात लांब केला असता तर मिळाले असते. स्विलेनाने शिक्षण सोडलं आणि इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली. लिना घरी पडदे शिवायला लागली. दोन वर्षांनी परदेशी बँक आली, तिचा साहेब स्वतः लिनाच्या दारी गेला, तुम्ही बसा, तुम्ही बसलात तरच लोक येतील म्हणाला. तिने नाही म्हणून सांगितलं. "माझ्या एका बंद दाराने बँक बुडाली. मी परत खिडकीत बसू?"

हे ऐकलं आणि मला राहवेना. तिच्या गल्लीला तीन फेऱ्या मारल्या आणि चौथ्यांदा आत गेले. आज सगळं सांगायचं, ते वाक्य माझं होतं, हे तिच्या तोंडावर सांगायचं. तिने कॉफी ठेवली, दोन कप काढले.

"लिना, मी तुला एक सांगायला आलेय."

"आधी मी सांगते," ती म्हणाली. "किती दिवस मनात आहे. त्या गुरुवारी मी तुला नुसतं म्हणायला हवं होतं, गेना, पैसे नंतर देते. तू दिला असतास ना मासा?"

"दिला असता."

"बघ! तेवढं म्हणायची लाज वाटली मला. माझ्या लाजेपायी सगळं गाव बुडालं. मेतोदीही तेच म्हणतो. म्हणतो, एक मासा उधार आणला असतास तर पोरगी आज औषधांच्या दुकानात उभी असती."

"लिना, अगं तसं नाही..." मी तोंड उघडलं.

तिने माझ्या हातावर हात ठेवला. "आणि दुसरं. त्या अख्ख्या रांगेत माझ्या बाजूने तू एकटीच बोललीस. पैसे घेऊन झाल्यावर का होईना, पण बोललीस. बाकी कोणी नाही बोललं. हे मी विसरायची नाही." मग कप पुढे सरकवला. "हं, तू काय सांगणार होतीस?"

"काही नाही," मी म्हटलं. "असंच आले होते."

कॉफी संपवून मी घरी आले. त्यानंतर मरेपर्यंत, चोवीस वर्षं, लिना मंडईत आली की बरोबर कोणी असेल त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, "ही गेना. सगळं गाव उलटलं तेव्हा ही एकटी माझ्यासाठी खरं बोलली." आणि मी मासे तोलत ऐकून घ्यायची.